साडेछत्तीसची रेघ

टेक्सासचं डोकं वरून असं चपटं का, हा प्रश्न शिवांगीनं जानेवारीत विचारला आणि पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

तोपर्यंत शिवांगी मराठी शाळेत नुसती बसायची. दर रविवारी सकाळी वडील गाडीतून उतरवून द्यायचे म्हणून यायची, हूडीच्या बाह्यांत हात लपवायची आणि घड्याळाकडे बघत दीड तास काढायची. वय दहा. वडील म्हणजे विनय, मराठी मंडळाचा अध्यक्ष. अध्यक्षाचीच मुलगी मराठीत चार शब्द बोलत नाही, यावर मंडळात दबक्या आवाजात बरंच बोलणं व्हायचं आणि विनयला ते ठाऊक होतं.

मोठ्या मुलांचा वर्ग रमाबाई गजभिये घ्यायच्या. नागपूरला महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. नवरा गेल्यावर मुलानं, राकेशनं, त्यांना टेक्सासमधल्या प्लेनोला आणलं. इथे आल्यावर पहिले सहा महिने त्यांनी हायवेवरच्या गाड्या मोजल्या. मग मराठी शाळेत शिकवायला माणूस हवं आहे असं कळलं, आणि त्या पदर खोचून उभ्या राहिल्या.

त्या दिवशी भिंतीवर अमेरिकेचा नकाशा होता. शिवांगीनं बाहीतून एक बोट बाहेर काढलं.

"आजी, टेक्सासला वरून कुणी कट केलं? आणि ओक्लाहोमाला हे हँडल का आहे? पॅनसारखं?"

एकतीस वर्षांत रमाबाईंना एक गोष्ट पक्की कळली होती. गप्प बसणारं मूल प्रश्न विचारतं तेव्हा हातातलं सगळं बाजूला ठेवायचं. त्यांनी क्रियापदं बाजूला ठेवली.

"पुढच्या रविवारी सांगते," त्या म्हणाल्या, "पण सांगणार नाही. करून दाखवीन."

पुढच्या रविवारी त्यांनी एक दोरी आणली. वर्गाच्या मधोमध आडवी टाकली. वर्गातल्या नऊ मुलांपैकी काहींना वर उभं केलं, काहींना खाली.

"ही सन अठराशे वीसची दोरी," त्या म्हणाल्या. "देश पश्चिमेकडे वाढतोय. रोज नवी जमीन. प्रत्येक नव्या जमिनीवर एकच भांडण. इथे माणसं विकत घेऊन राबवायची की नाही? मोठ्या माणसांनी ठरवलं, या रेघेच्या वर नाही, खाली चालेल. साडेछत्तीस अंशांवरची रेघ. आता सगळ्यांनी टाळी वाजवायची आणि म्हणायचं, मिटलं!"

"मिटलं!" पोरं ओरडली.

मग अठराशे पन्नास आलं. मेक्सिकोशी युद्ध होऊन पार समुद्रापर्यंत जमीन मिळाली होती. रमाबाईंनी दोरी वाकडी केली. कॅलिफोर्निया झालेल्या मुलीला मोकळं सोडलं आणि त्याच्या बदल्यात पळून आलेल्या गुलामाला पकडून परत द्यायचा कायदा कडक केला. पळालेला गुलाम झालेला कुश टेबलाखालून ओढून परत आणला गेला. "मिटलं!" पोरं पुन्हा ओरडली, पण कुश ओरडला नाही. मग अठराशे चौपन्न. रमाबाईंनी दोरी उचलून गुंडाळली आणि खिडकीत ठेवली. "आता रेघच नाही. जो तो आपापलं ठरवेल." कॅन्सस झालेल्या दोन पोरांत खरोखरची ढकलाढकली झाली. टाळी कुणीच वाजवली नाही.

"आणि मग?" शिवांगीनं विचारलं.

"मग युद्ध. चार वर्षं. सहा लाखांच्या वर माणसं मेली."

"आणि टेक्सासचं डोकं?"

"ते तू शोध. मार्चमध्ये सगळ्यांना तूच सांगायचं आहेस. मराठीत."

मार्चमध्ये गुढीपाडव्याचं संमेलन होतं. यंदाचा विषय ‘आपलं टेक्सास’. प्रत्येक वर्गानं काहीतरी सादर करायचं. रमाबाईंच्या वर्गानं ठरवलं, अठराशे पन्नासची अमेरिका रांगोळीत काढायची. ठिपक्यांची रांगोळी. नागपूरच्या शाळेत एकच नकाशा होता आणि तोही मधोमध फाटलेला, म्हणून रमाबाई फरशीवर ठिपके काढून नकाशे शिकवायच्या. एक ठिपका म्हणजे एक अंश. आडव्या ओळी अक्षांशांच्या, उभ्या रेखांशांच्या. पोरांना अख्खा देश हातानं कळायचा.

आणि शिवांगीनं दोन महिने खपून चार वाक्यं तयार केली. पहिली तीन रमाबाईंनी सुधारून दिली. चौथ्याला त्यांनी हात लावला नाही. ते वाचून त्या थोडा वेळ चष्मा पुसत बसल्या होत्या.

*

संमेलनाच्या रविवारी सकाळी आठला शाळेच्या कॅफेटेरियाचं दार उघडलं. मंडळानं हॉल दिवसभर भाड्यानं घेतला होता. कार्यक्रम चार वाजता. मुलांनी दोऱ्या ताणून, सहा-सहा इंचांवर ठिपके काढून दहापर्यंत तीस फूट लांब अमेरिका उभी केली. गुडघे पांढरे, नाकं निळी. शिवांगीनं साडेछत्तीसची रेघ स्वतः ओढली.

"आजी, ही लाइन डॉट्सना लागतच नाहीये," नील म्हणाला. "दोन ओळींच्या मधून चाललीय. रांगोळीत असं चालतं?"

"रांगोळीत नाही चालत. या देशात चाललं," रमाबाई म्हणाल्या.

त्या रेघेला टेक्सासचं डोकं खालून टेकलं होतं. आणि त्याच्या वर, सदतीसच्या ओळीपर्यंत, दोन विती लांब आणि चार बोटं रुंद अशी एक पट्टी मुद्दाम कोरी सोडली होती. अठराशे पन्नासमध्ये ती कुठल्याच राज्यात नव्हती; पुढे तीच ओक्लाहोमाचं हँडल झाली. ती शिवांगीची पट्टी. तिथे उभं राहून ती बोलणार होती.

साडेदहाला विनय आला. गळ्यात आयडी कार्ड, कानात एक इअरफोन, हातात कॉफी.

"वा वा, काकू! कमाल केलीत! व्हॉट ए मॅप, यार!" तो नकाशाभोवती फिरला आणि दक्षिणेकडे येऊन थबकला. "हे काय लिहिलंय? ‘गुलामीची राज्ये’?"

"होतीच ना ती."

"होती हो. पण काकू, आज प्रमुख पाहुणे स्कूल डिस्ट्रिक्टमधून येतायत. मराठीला हायस्कूलमध्ये क्रेडिट मिळावं म्हणून तीन वर्षं मागे लागलोय त्यांच्या. त्यांना कुणी ट्रान्सलेट करून सांगितलं तर? पाडव्याच्या दिवशी आम्ही त्यांच्या इतिहासाची धुणी धुतोय असं वाटेल."

"त्यांच्या शाळेतच शिकवतात हे, विनय. पुस्तकात आहे."

"पुस्तकात असू दे ना. आपण कशाला? अकरा वर्षं ग्रीन कार्डच्या लायनीत उभा आहे मी. आपण इथे पाहुणे."

रमाबाईंनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. मागच्या थंडीत त्यांना न्युमोनिया झाला तेव्हा दोन दिवस घरचा डबा घेऊन आला होता. एका पाटीनं काय बिघडतं, नकाशा तर आहे, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

"बरं. ‘दक्षिणेची राज्ये’ लिहितो आम्ही."

विनय खूश होऊन गेला. कुशनं अक्षरं पुसली आणि पुन्हा काढली.

साडेअकराला मंजुषा आली, मंडळाची सांस्कृतिक सचिव. नऊवारी नेसून, केसांत गजरा, हातात याद्यांचा पुठ्ठा. तिनं नकाशा पाहिला आणि हात तोंडाशी नेला.

"अगं बाई! काकू, गुलामांच्या राज्यांना भगवा? आणि मोकळ्या राज्यांना निळा?"

"कुशच्या आईनं शिवजयंतीचा उरलेला भगवा दिला. तीन किलो. दक्षिण मोठी आहे ना, पुरायला हवा."

"तसं नाही हो. लोक काय म्हणतील? राग मानू नका, पण लोक म्हणतीलच, रमाबाई आल्या म्हणजे तो विषय आलाच."

"कोणता विषय?"

मंजुषानं याद्यांच्या पुठ्ठ्यात डोकं घातलं.

रमाबाई उभ्याच राहिल्या. तीन वर्षांत वर्गात त्यांनी जातीबद्दल एक शब्दही काढला नव्हता. काढला असता तर चांगला काढला असता, पण काढला नव्हता. इथे त्या अमेरिका शिकवत होत्या. आणि तरी ही बाई दारातून आत येते आणि नकाशाऐवजी आपल्याकडे बघते. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांना नागपूरची स्टाफरूम आठवली, आणि ती आठवली याचाच त्यांना जास्त राग आला.

पण भोवती नऊ मुलं तोंड वर करून बघत होती.

"कोणता रंग चालेल, ते सांग," त्या म्हणाल्या.

"हिरवा?" नीलनं सुचवलं. "हिरवा खूप आहे."

"हिरवा?" मंजुषा किंचाळलीच. "मग तर बघायलाच नको!"

पिवळा पुरणार नव्हता. पांढरा फरशीवर दिसणार नव्हता. शेवटी गुलाबी ठरला. गुलाबी रंगावर अजून कुणी हक्क सांगितला नव्हता. व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत तीन किलो भगवा मुलांनी जुन्या पोस्टकार्डांनी खरवडून काढला आणि गुलाबी भरला. सव्वा तास गेला. पिझ्झा गार झाला.

"आजी, इट लुक्स लाइक अ बर्थडे केक," कुश म्हणाला.

रमाबाई पाय पसरून भिंतीला टेकून बसल्या. पाटी गेली, रंग गेला. पण पट्टी आहे, असं त्या स्वतःला समजावत होत्या. शिवांगी पट्टीपाशी उकिडवी बसून ओठांत वाक्यं घोळवत होती. ‘सोडली’ म्हणताना अजून अडखळत होती.

दीडला विनय पुन्हा आला. मागे शिडी घेतलेला एक माणूस.

"एक्सलंट! आता कसं फेस्टिव्ह दिसतंय! वरून फोटो घ्यायचाय, स्मरणिकेच्या कव्हरला. फक्त एकच छोटी गोष्ट, काकू. ती पट्टी. भरायची राहिली का?"

"राहिली नाही. ती कोरीच आहे."

"हां, पण फोटोत राहिल्यासारखी वाटते ना. मी म्हणतो, तिथे आपल्या स्पॉन्सरचं नाव टाकू. सुखनिवास होम्स. अगदी बसतंय बघा त्या जागेत! जेवण सगळं त्यांच्याकडून आहे आज."

"विनय, त्या पट्टीवर शिवांगी बोलणार आहे."

"बोलू दे ना! स्टेजवर ‘माझं आवडतं टेक्सास’ म्हणेल. मंजुषानं चार ओळी लिहून ठेवल्यात. सोप्या आहेत."

शिवांगी उठून उभी राहिली होती. हात पुन्हा बाह्यांत गेले होते.

रमाबाईंना सगळ्यांचा कंटाळा आला. विनयचा, मंजुषाचा, गुलाबी रंगाचा, स्वतःच्या गुडघ्यांचा. तंटा नको. पोरांचा दिवस खराब नको. तोंडात ‘बरं’ आलं. एकतीस वर्षं मुख्याध्यापकांसमोर, तपासनिसांसमोर, नगरसेवकांसमोर ते असंच आपोआप येत आलं होतं.

"ब..."

आणि टाळी वाजली. एकच.

"मिटलं!" शिवांगी म्हणाली.

ती रडत नव्हती. वडिलांकडे बघतही नव्हती. ती रमाबाईंकडे बघत होती.

विनय हसला. "वा! बघा, तिलाही पटलं. काय मिटलं, बेटा?"

"पाटी मिटलं. कलर मिटलं. आता हे मिटलं," शिवांगी म्हणाली. "आजी, हाऊ मेनी टाइम्स?"

हॉलमध्ये पलीकडे कुणीतरी माइक तपासत होतं. हॅलो, चेक, वन टू. रमाबाई भिंतीचा आधार घेऊन उठल्या. उठायला वेळ लागला.

"नाही," त्या म्हणाल्या. "पट्टी कोरी राहील, विनय."

"काकू, ताणू नका ना. एवढीशी पट्टी आहे."

"एवढीशीच आहे. म्हणूनच म्हणते, राहू दे."

विनयनं इअरफोन काढला. चेहऱ्यावरचं हसू विरलं. "मग मला दुसरा ऑप्शन नाही. अडीचशे खुर्च्या लावायच्यात. फोटोसाठी म्हणून मी ही जागा सोडली होती. फोटो नसेल तर..."

"तर खुर्च्या मांड."

तो क्षणभर थांबला. त्या पुढे काहीतरी बोलतील, अशी त्याला आशा असावी. मग त्यानं शिडीवाल्याला मान हलवून खूण केली.

दोन वाजता शाळेचा सफाई कामगार रुंद झाडू घेऊन आला. त्यानं नकाशा पाहिला आणि इंग्रजीत विचारलं, "नक्की?" मग त्यानं पूर्वेकडून झाडू ओढायला सुरुवात केली. गुलाबी आणि निळा एकत्र होऊन जांभळट मातीसारखा ढीग झाला. कुशनं तोंड फिरवलं. सहा तासांचं काम चार मिनिटांत कचऱ्याच्या डब्यात गेलं.

*

राकेश आईला घ्यायला आला. त्याला एका मुलाचा मेसेज गेला होता.

"चल आई, घरी. कशाला यांच्यात जीव जाळतेस? तुला तिथेही हेच, इथेही हेच."

"पांढरी रांगोळी किती उरली?" रमाबाईंनी मुलांना विचारलं.

"एक बॅग," नील म्हणाला. "अर्धी."

"अर्धी पुरे. दारात चला."

दाराबाहेरच्या सिमेंटवर जागा थोडी होती. सगळा देश मावणार नव्हता. रमाबाईंनी फक्त ठिपके काढायला लावले, आठ गुणिले पाच, आणि त्यांच्यातून तीन रेघा. टेक्सासचं डोकं, वर साडेछत्तीसची रेघ, त्याच्या वर सदतीसची. मार्चमधला टेक्सासचा वारा सुटला होता. एक रेघ पुरी होईपर्यंत दुसरी फिसकटायची. मुलांनी डब्यांचं आणि चपलांचं कुंपण केलं.

नील पट्टीकडे बघत बसला होता.

"आजी, इथे कोमँची, म्हणजे नेटिव्ह अमेरिकन लोक राहायचे. माझ्या बुकमध्ये आहे. मग आपण एम्प्टी का ठेवली?"

रमाबाईंनी पट्टीकडे पाहिलं. सकाळपासून त्या या चार बोटांच्या कोरेपणासाठी भांडत होत्या. रेघा मारणाऱ्यांनी ती जमीन कुणाचीच नाही म्हटलं, आणि आपणही ती तशीच काढली. मास्तरीण म्हणवतो आपण!

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "लिही तिथे. कोमँची. छोट्या अक्षरांत, सगळं मावायला हवं."

नीलनं लिहिलं. ‘ची’ पट्टीच्या बाहेर गेला.

साडेतीनपासून माणसं येऊ लागली. जरीच्या साड्या, कुर्ते, हातात श्रीखंडाचे डबे. शिवांगी रेघेपाशी उभी राहिली. पहिल्या कुटुंबाला तिचा आवाजच ऐकू गेला नाही. दुसरे "सो क्यूट!" म्हणाले आणि फोटो काढून आत गेले. तिसऱ्या काकूंनी विचारलं, "डावीकडे जायचं का जेवणाला?" एका आजोबांनी मात्र काठी टेकून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मला हे कुणी सांगितलं नव्हतं गं. पंचवीस वर्षं राहतोय इथे." शिवांगीनं त्यांना पुन्हा सांगितलं. दर वेळी वारा रेघ पुसत होता, दर वेळी कुश ती पुन्हा ओढत होता. रमाबाईंना प्रत्येक पाठमोऱ्या कुटुंबाला हाक मारून परत बोलवावंसं वाटत होतं. त्यांनी हात पदरात गुंडाळून ठेवले.

चारला पाच कमी असताना विनय बाहेर आला. पाहुण्यांची गाडी पार्किंगमध्ये शिरली होती. तो घाईनं पायऱ्या उतरला.

"बाबा, तू रेघेवर उभा आहेस."

त्यानं खाली पाहिलं. कोल्हापुरीखाली टेक्सासचं अर्धं डोकं गेलं होतं. त्यानं पाय उचलला आणि तो कुठे ठेवावा हे न कळून जरा वेळ तसाच अधांतरी धरला.

"टेक्सास मेक्सिकोपासून फुटलं," शिवांगी भरभर बोलू लागली, "एक मोठं कारण म्हणजे मेक्सिकोनं गुलामी बंद केली. मग टेक्सास अमेरिकेत आलं, पण अमेरिकेत एक रेघ होती, आणि नव्या जमिनीत रेघेच्या वर गुलाम ठेवायला बंदी होती. म्हणून टेक्सासनं रेघेच्या वरची जमीन सो... सोडली..."

विनयचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. तिच्या तोंडून सलग इतकी मराठी त्यानं कधी ऐकली नव्हती. त्यानं पाय हळूच चपलांच्या कुंपणाबाहेर ठेवला.

"विनय! पाहुणे!" आतून मंजुषा ओरडली.

"येस, कमिंग!" तो दचकला. "बेटा, मस्त. व्हेरी गुड. नंतर, हं?" आणि हात पुढे करत, इंग्रजीत स्वागत करत तो गाडीकडे धावला.

ती माणसं बोलत बोलत बाजूच्या दारानं आत गेली. ढोल वाजायला लागला.

शिवांगी तशीच उभी होती. "ही डिडन्ट हिअर द फोर्थ वन."

"नाही ऐकलं," रमाबाई म्हणाल्या. आपण आत्ता रागावून काहीतरी बोलू असं त्यांना वाटलं, म्हणून त्या आधी वाकून एक ठिपका नीट करत बसल्या. मग म्हणाल्या, "मला सांग. मी ऐकते."

"तुला माहितीये."

"तरी सांग."

शिवांगीनं बाह्यांतून हात बाहेर काढले. "माणसं सोडली असती तर जमीन सोडावी लागली नसती."

राकेश गाडीची किल्ली फिरवत उभा होता. त्याचा हात थांबला.

"कुणी लिहून दिलं हे?" त्यानं विचारलं.

"मी," शिवांगी म्हणाली. मग रमाबाईंकडे वळली. "आता काय करू?"

"घरी जाताना गाडीत सांग त्याला. चौथंच आधी सांग."

"तो पॉडकास्ट लावतो."

"मग बंद कर पॉडकास्ट," रमाबाई म्हणाल्या. "कुश, ती डावीकडची रेघ पुन्हा फिसकटली बघ. आण इकडे पिशवी."